टायरचा सपाट तळ

उतारावर तिचा उजवा पाय पुढं सटकला आणि वर आला. मी खाली लिंबाच्या पारावर बसले होते. एवढ्या लांबून तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण बुटाचा तळ दिसला. काळा, सपाट, पाण्यानं चकाकणारा. माझ्या हातचा तळ.

ती पाठीवर आपटली आणि तशीच घसरत आली. पुढं पळणाऱ्या मैत्रिणीच्या पायांवर आदळली. दोघी कोलमडल्या. मैत्रीण वाटेवरच आडवी राहिली. माझी सून वाटेच्या कडेवरून खाली गेली. त्या कडेला लाल दगड काढून काढून झालेली जुनी खाण आहे, दोन पुरुष खोल. ती ओरडली नाही. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले आणि तेवढा वेळ जागची हलले नाही. हे आधीच लिहून टाकते. मी आधी आवाजाची वाट बघितली, मग उठले.

चढ फार नव्हता. पण सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई तो कशी चढणार? पहिल्याच पावलाला माझीही चप्पल सटकली. तीही मीच केलेली. मी चपला तिथंच टाकल्या आणि अनवाणी चढले. दगडाला धरत, कुठं हातावर, कुठं गुडघ्यावर.

वर पोचले तोवर मैत्रीण खाणीत उतरली होती. तिचा डावा हात मनगटापासून वाकडा लोंबत होता. ती दवाखान्यात नर्स आहे, म्हणून तिला काय करायचं ते ठाऊक होतं. सुनेचं डोकं जरासुद्धा न हलवता ती तिच्या शेजारी बसली होती आणि चांगल्या हातानं जखमेवर ओढणी दाबून धरली होती. ओढणी पिवळी होती. पिवळी राहिली नव्हती.

"अम्मा, तितंच थांबा! खाली येऊ नगा!"

"जित्ती हाय का?"

"श्वास चालायलाय. माझा फोन वाटंवर पडलाय, हुडका. एकशेआठ लावा."

फोन दगडाच्या फटीत होता. काच तडकलेली. तिनं खालून फोन उघडायचे चार आकडे ओरडून सांगितले. मी चौथी शिकलेली आहे, आकडे येतात मला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा उघडला. पलीकडचा माणूस कानडीत बोलला, मी कानडीत जागा सांगितली. गाडी आली. किती वेळानं आली ते मला सांगता येणार नाही.

बीदरच्या दवाखान्यात त्यांनी तिला आत नेलं आणि एका बाईनं माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीत तिचं मंगळसूत्र, कापून काढलेल्या पायजम्याचा तुकडा आणि दोन बूट. मी बाकावर बसले. सवयीनं बूट उलटा करून बघितला. तळ जागेवर होता. एक टाका उसवला नव्हता. कडेला नख घालून बघितलं, नख जात नव्हतं. दोन पुरुष खोल पडून, दगडावर आपटून, तळ हलला नव्हता. आयुष्यभर मी माझ्या कामाची हीच परीक्षा केली. निघाला का तळ? नाही ना? मग काम चांगलं.

त्या दिवशी पहिल्यांदा तळ निघायला पाहिजे होता असं वाटलं.

आमच्या घरात चामड्याचं काम. बाप आळंदच्या बाजारात बसायचा, नवरा बीदरला बसस्टँडच्या बाजूला. नवरा गेला तेव्हापासून दुकान मी बघते. दुकान म्हणजे एक टपरी, एक फळी, चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे आणि मागं जुन्या टायरांचा ढीग. आता चामड्याच्या वहाणा कोण घालतंय! पण शेतकऱ्याला टायरच्या तळाची चप्पल अजून लागते. ट्रकचा टायर घ्यायचा, वरचा जाड पट्टा कापायचा, पायाच्या मापानं तासायचा, दोऱ्याला मेण लावून शिवायचा. झिजता झिजत नाही. माझ्या हातची चप्पल बापानं घालावी आणि पोरानंही घालावी, असं गिऱ्हाईक म्हणतं.

टायरवर ज्या खाचा असतात, त्या आम्ही तासून काढतो. पट्टा पाटीसारखा सपाट करतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटेल. पण आमच्याकडं काळी जमीन. पाऊस पडला की ती माती खाचांत भरते, तिच्यावर आणखी चिकटते, आणि दहा पावलांत एकेका पायाला शेराचं ओझं होतं. सपाट तळाला माती धरत नाही, पाय झटकला की निघते. म्हणून शेतकऱ्याला सपाट तळ. हे मी लहानपणापासून केलंय. माझा हात आपोआप खाचा तासतो.

सून कचेरीत काम करते, कॉम्प्युटरवर. सकाळी बसली की संध्याकाळी उठते. पाठ धरायला लागली, वजन वाढलं. तिच्या माहेरी सगळ्यांना शुगर. तिची आई त्यातच पाय कापून घेऊन बसलीय. सुनेला त्याची धास्ती होती. मग ही नर्स मैत्रीण भेटली आणि दोघी पळायला लागल्या. आधी मैदानावर, मग रस्त्यावर, मग रविवारी टेकडीच्या वाटेनं. बीदर उंचावर आहे, कडेला गेलं की चहूबाजूंनी पायवाटा खाली उतरतात. लाल दगड, मुरूम, मध्येच गवत, पावसाळ्यात दगडावर शेवाळ. त्या वाटांवर पळायला माणसं हैदराबादवरून येतात म्हणे. गावातले काही डॉक्टर मिळून दिवाळीनंतर तिथंच एक शर्यत ठेवणार होते. सुनेनं त्यात नाव दिलं होतं.

मला ते पटलं नव्हतं असं नाही. मला ते कळलंच नव्हतं.

"पळायचं कामून?" मी म्हणायची. "मागं कुत्रं लागलंय का?"

"कुत्रं न्हाई आत्या, शुगर लागलीया," ती म्हणायची आणि हसायची.

गल्लीतल्या बायका माझ्या टपरीवर येऊन विचारायच्या, "सून सकाळी सकाळी पळून जायली म्हणं? परत येती का न्हाई?" मी म्हणायची, "माझ्या हातचा सैपाक खायाला येती की. तुमच्या सुना घरात बसून बी तुमच्या हातचं खात न्हाईत." आमचं असं चालायचं. सासूसून म्हणून आमचं वाईट नव्हतं. मुलगा हैदराबादला कामाला, महिन्यातून दोनदा यायचा. घरात आम्ही तिघी, मी, ती आणि आठ वर्षांची नात.

तिचे पहिले बूट पांढरे होते, रस्त्यावर पळायचे. लाल दगडानं चार महिन्यांत त्यांचा तळ खाल्ला. फोमसारखा मऊ तळ तो, त्याचं काय चालणार दगडापुढं. एका संध्याकाळी ती बूट हातात घेऊन म्हणाली, "हे आता टाकायचे. टेकडीवर पळायचे वेगळे येतात, तसले घेते."

मी बूट हातात घेतला. वरचं कापड धड होतं, शिवण धड होती. "टाकतीस कामून?" मी म्हणाले. "खालून गेलाय फक्त. तळ मी लावते."

"आत्या, त्याला त्यांचाच तळ लागतो. खाली रबराच्या गाठी असतात..."

"चाळीस वर्सं मी लोकांच्या पायाखाली तळ लावायले. घरातल्या सुनेनं दुकानातनं तळ आणायचा?"

ती गप्प बसली. माझा आवाज चढला की ती गप्प बसते. त्याला मी तेव्हा मान म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळ लावला. मनापासून लावला. ढिगातला सगळ्यात चांगला टायर काढला. फोम खरवडून काढला, पट्टा कापला, खाचा तासल्या, जड होऊ नये म्हणून आणखी तासला. चिकटवून रात्रभर दाबून ठेवला आणि सकाळी कडेनं दुहेरी टाके घातले. बूट असा झाला की जणू कारखान्यातून आला. पायात घालून ती दोन पावलं चालली आणि म्हणाली, "छान झालाय आत्या." मी त्याच दिवशी गल्लीभर सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. बँकेत पेन्शनच्या रांगेत एक बाई उभी होती, तिलाही सांगितलं. सुनेचे पळायचे बूट मी केलेत.

बापाला ते बूट दाखवले असते तर त्यानं रापीचा दांडा माझ्या डोक्यात घातला असता.

तो माणूस माप घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारायचा. गिऱ्हाईक येऊन बसलं, पाय पुढं केला, की हा पायाकडं बघायचा नाही. तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "कुठं चालायचंय?" रानात म्हणालं तर सपाट तळ. गाडी हाकतो म्हणालं तर टाचेला नाल. आणि माळावर, दगडधोंड्यांत मेंढरं घेऊन फिरणारे धनगर यायचे, त्यांच्या वहाणांना तो खाचा तासायचा तर नाहीच, उलट रापीनं आणखी पाडायचा. पुढच्या भागाला एका अंगाला, टाचेकडं उलट्या अंगाला. चढताना पुढच्या धरतात, उतरताना मागच्या. मी त्याच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. पोटात दुपारची भाकरी आणि नाकात मेणाचा वास. मी हे सगळं बघितलेलं आहे. माप तो सांजेला घ्यायचा, गिऱ्हाइकाला उभं करून, दोन्ही पायांचं. दिवसभर चालून पाय फुगतो, सकाळच्या मापाची वहाण दुपारी चावते. बोटांच्या पुढं अंगठा मावेल एवढी जागा ठेवायचा. उतारावर पाय पुढं सरकतो, नाहीतर नखं जातात.

हे मला आठवत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. सगळं ठाऊक होतं. मी विचारलं नाही, एवढंच. सून आमच्या घरातली, तिला काय विचारायचं! ती कुठं पळते ते मी एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं रस्ता होता, नाहीतर रान होतं.

आठवडाभरानं तिच्या अंगठ्याचं नख काळं झालेलं मी बघितलं. आंघोळ करून पाय पुसत होती. मी म्हणाले, "नखं वेळेवर काढत जा." ती "व्हय" म्हणाली.

त्या रविवारच्या आधी टपरीवर शेजारीण आली होती. मी पुन्हा बुटांचं सुरू केलं. ती म्हणाली, "तळ लावलाव तळ लावलाव म्हणताव, तुमच्या सुनंला पळताना कदी बघितलाव का?" सगळ्या बायका हसल्या. मला ते लागलं. मी ठरवलं, या रविवारी जायचं.

सकाळी सून बाहेर पडायला लागली तर मी नवी साडी नेसून दारात उभी.

"आत्या, तुमी कुठं?"

"तुझ्यासंगं. बघते तरी कसली पळतीस."

"पाऊस पडून गेलाय. वाट निसरडी हाय. पुढच्या टायमाला नेते की."

"तुझ्या पाठीवर बसून येईना मी. ऑटोत बसून येते."

ती बुटाची नाडी पुन्हा बांधत राहिली. नात आतून आली, आईकडं बघितलं, आईच्या पायांकडं बघितलं आणि परत आत गेली. मी ते बघितलं आणि सोडून दिलं.

आम्ही ऑटोनं मैत्रिणीच्या घरी गेलो. सून म्हणाली, "तुमी बसा, मी आत जाऊन पाणी भरून आणते." मी म्हणाले, "पाणी हाय माझ्याकडं, दोन बाटल्या." आणि बाटली वर करून दाखवली. मैत्रीण दारात आली, तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं ऑटोत मला बघितलं. सुनेकडं बघितलं. सुनेनं मान हलवली. मैत्रिणीनं पिशवी दाराआड ठेवली आणि कुलूप लावलं.

त्या दोघी वरून पळत उतरणार आणि मी खालच्या पारावर बसून बघणार, असं ठरलं. ऑटोनं त्यांना वर सोडलं, मग मला वळसा घालून खाली आणलं. भुरभुर थांबली होती. लिंबावरून पाणी ठिपकत होतं. मी पदर डोक्यावर घेऊन बसले. थोड्या वेळानं वर दोन ठिपके दिसले. पळत होत्या खऱ्या. सून मागं होती, हात जरा जास्तच पसरून पळत होती, बांधावरून जाताना आपण पसरतो तसे. मला वाटलं, अशीच पळायची तऱ्हा असेल. मी हात वर केला. तिनं बघितलं. तिनंही हात वर केला.

पुढचं वर लिहिलंय.

बीदरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो बघून सांगितलं, हैदराबादला न्या, आत रक्त साकळलंय. मुलगा तिकडून निघाला होता, तो वाटेतच गाडीला भेटला. गाडीत मला जागा नव्हती. मी घरी आले. नातीला शेजारणीकडून आणलं, भात टाकला, तिला जेवू घातलं. ती एकदाच बोलली. "आजी, आईनं कोणते बूट घातले होते?"

"मी केलेले."

ती घास तोंडात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण आली. हात प्लास्टरमध्ये, गालावर खरचटलेलं. दुसऱ्या हातात ती कापडी पिशवी. हैदराबादवरून अजून शुद्ध आल्याचा फोन नव्हता. ऑपरेशन झालं होतं, एवढंच. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही. पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"उघडा," ती म्हणाली.

आत बूट होते. राखाडी, खाली रबराच्या गाठी. तिथलीच लाल माती गाठींत वाळलेली.

"तिचे हायेत. श्रावणाच्या आधी घेतलेत. माझ्या घरी ठेवती. तुमच्या दारातनं तुमचे बूट घालून निघती, माझ्या घरी बदलती, पळून आल्यावर परत तुमचे घालून घरी येती."

मी गाठींतली माती नखानं काढली.

"पयल्याच रविवारी दोनदा पडली ती तुमच्या बुटात. कोपर फुटलं. घरी सांगितली, बाथरूमात पडले मनून. मी म्हटलं, सासूला सांग सरळ. तर मने, न्हाई गं, त्या गल्लीभर सांगायल्यात, त्यांचं मन मोडंल."

"काल कामून बदलली न्हाई?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"तुमी ऑटोत होता." ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. ती गोड बोलणारी बाई नाही, मीही नाही. "वर गेल्यावर दगड बघून मी म्हटलं, आज चालत उतर. तर मने, आत्या बघायल्यात. म्हटलं मग माझ्या मागं राहा, मी पाऊल टाकीन तितंच टाक. तसंच टाकायली होती, अम्मा. माझ्या पावलावर पाऊल. पण माझ्या खाली गाठी होत्या."

ती गेली. मी तिला थांबवलं नाही.

फळी पुढं ओढली आणि दोन्ही जोड उलटे करून शेजारी ठेवले. एक माझा, एक दुकानातला. गाठी बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या उंच. पुढच्या गाठी एका अंगाला वळलेल्या, टाचेकडच्या उलट्या अंगाला. रबर हाताला मऊ, ओल्या दगडावर बसेल असं. टायरचं रबर हाडासारखं कडक. नख रोवून बघितलं, नख वाकलं. आत हात घातला तर पुढं बोटांना अंगठ्याएवढी जागा होती. माझ्या बुटात नव्हती. पांढरे बूट मुळात तिनं बसून, सकाळी, घाईत घेतलेले असणार. मी नुसता तळ बदलला होता, बूट तोच आखूड.

धनगरांच्या वहाणा मला तिथं दिसल्या. बापाचा हात, रापीचं टोक, पुढं एका अंगाला, मागं उलट्या. कुठल्या कारखान्यातल्या माणसानं माझ्या बापाला न बघता तेच केलं होतं. आणि त्याच्या शेजारी बसून वाढलेल्या पोरीनं ते तासून काढलं होतं.

नात येऊन शेजारी बसली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आईनं सांगू नको म्हटलं होतं."

"बरं," मी म्हणाले.

"तू रागवशील म्हणून."

म्हणजे घरात तिघी होतो. दोघींनी मिळून तिसरीला सांभाळलं होतं. मी समजत होते, मी त्यांना सांभाळते.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आधी नुसता रडला. मी म्हणाले, "रड नंतर, आधी सांग." तो म्हणाला, डोळे उघडले, मला ओळखलं, पाणी मागितलं. मी फोन नातीकडं दिला आणि चुलीशी गेले. चुलीवर काही नव्हतं. तिथं तशीच उभी राहिले.

घोटा तीन जागी मोडला होता. आत पट्टी घातली, स्क्रू घातले. घरी आली तेव्हा डोक्यावर केस बारीक, हातात काठी. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, जिनेही चढता येतील, दगडाच्या उतारावर पळायचं नाव काढायचं नाही. दिवाळीनंतरची शर्यत झाली. आम्ही दोघी घरात होतो. त्या सकाळी ती दारात खुर्ची टाकून बसली आणि मी आत दोऱ्याला मेण लावत बसले. बाहेरून कुणीतरी पळत गेलं, त्याच्या पावलांचा आवाज आला. तो आवाज लांब जाईपर्यंत मेण लावायचा माझा हात थांबला होता.

बऱ्याच दिवसांनी मी तिला विचारलं. ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती आणि मी खाली बसून घोट्याला तेल लावत होते. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. ती पाय ओढून घ्यायला लागली, मी सोडला नाही.

"सांगितली कामून न्हाईस? दोनदा पडलीस, तरी?"

"काय सांगू आत्या. तुमी किती खूश होताव."

"मी खूश हाय मनून तू खाणीत पडायचीस?"

"तवा असं वाटलं न्हाई. तवा वाटलं, एक बदलायचं काम तर हाय. पाच मिनिटं लागतात."

"मी ऑटोत बसले नसते तर?"

तिनं पाण्याकडं बघितलं. म्हणाली, "तुमी हात केलाव ना खालून, तवा लई बरं वाटलं मला. घरातलं कुणी बघाया आलं न्हवतं आजवर."

मी तेल लावत राहिले. तिला माफी वगैरे मागितली नाही. मला ते येत नाही, आणि मागितली असती तर तीच मला समजवत बसली असती. पुन्हा तेच झालं असतं, पुन्हा तिनं मला सांभाळलं असतं.

टपरी चालू आहे. टायरचे तळ मी अजून लावते, शेतकऱ्याला तेच लागतात आणि ते त्याच्यासाठी बरोबर आहेत. गिऱ्हाईक आलं की आता आधी विचारते, कुठं चालायचंय. काही लोक हसतात. एक म्हातारा म्हणाला, "अक्का, ह्या वयात कुठं चालणार, स्मशानात." मी म्हणाले, "तिकडं तर चार जण न्हेतात. तवर कुठं?" मग त्यानं सांगितलं. मागं एकदा पळायचे बूट घेऊन एक कॉलेजची पोरगी आली, तळ लावून द्या म्हणाली. मी तिला बूट परत दिले आणि दुकानाचा पत्ता सांगितला. सांजेला जा, उभी राहून माप दे, पुढं अंगठ्याएवढी जागा बघ, आणि कुठल्या वाटेवर पळतेस ते दुकानदाराला आधी सांग. तिला वाटलं, म्हातारीला काम जमत नाही. वाटू दे.

राखाडी बूट कपाटात वर आहेत. सून म्हणते कुणाला तरी देऊन टाका. मैत्रिणीच्या पायाला ते होत नाहीत. पांढरे बूट मी टपरीत खिळ्याला टांगलेत. लोकांना वाटतं विकायला आहेत. तळ अजून निघालेला नाही.

त्या सकाळी उतारावर दोघी होत्या. दोघी जगल्या. मैत्रीण दर रविवारी पळते. माझी सून पळत नाही.